न लागणाऱ्या तलवारी

देवऱ्यांकडून तलवार घ्यायची तर आधी त्यांच्या तोंडावर मारावं लागे. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. मी नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि स्नेहसंमेलनाचं नाटक दरवर्षी माझ्याच गळ्यात पडे. त्या वर्षी आठवीच्या मुलांना किल्ल्यावरची लढाई करायची होती. आदल्या वर्षी पुठ्ठ्याच्या तलवारी पहिल्या दोन-तीन वारांतच माना टाकून बसल्या होत्या. त्याच्या आधी लाकडी पट्ट्या वापरल्या, तेव्हा एका मुलाच्या भुवईला खोक पडली होती. आमचे चित्रकलेचे सर म्हणाले, "एकलहऱ्याच्या कॉलनीत वसंत देवरे म्हणून एक जण आहेत. वीज केंद्रात दुरुस्तीच्या खात्यात असतात. फोमच्या तलवारी करतात, मुलांनी कितीही बडवलं तरी लागत नाही. माणूस मात्र जरा वेगळा आहे."

रविवारी सकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. चाळिशीचे, बुटके, रुंद खांद्यांचे गृहस्थ. एकटेच राहत होते. बोटांना रबरी सोल्यूशनचे पिवळट पापुद्रे चिकटले होते आणि बोलताना ते नखाने सोलायची त्यांना सवय होती. बाहेरच्या खोलीत एक कॉट, एक टेबलफॅन आणि बाकी सगळा फोम. गादीच्या कारखान्यातून आणलेली कातरणं, हवाई चपला कापतात तसलं जाड रबर, एसीच्या नळ्यांवर चढवतात ते काळं, पोकळ, स्पंजासारखं नळकांडं. मी काम सांगितलं. त्यांनी कपाटावरची एक तलवार काढून माझ्या हातात दिली, चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मारा," ते म्हणाले.

"कुठे?"

"इथं." त्यांनी बोटाने डावा डोळा दाखवला. "टोकानं. जोरात."

मी हसले. मला वाटलं चेष्टा आहे. ते हसले नाहीत.

"अहो, असं कसं मारू?"

"मुलं काय विचारून मारणार हेत का, बाई? तुमच्या हातनं मला लागलं नाय, तर त्यांच्या हातनं त्यांना लागणार नाय. मारा."

माझ्याने झालं नाही. मी नुसतीच तलवार त्यांच्या गालाला टेकवली. त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि परत कपाटावर ठेवली. "मग नाय मिळायची," असं म्हणून चहा ठेवायला आत गेले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. संमेलन जवळ आलं होतं. या वेळी डोळे मिटून मारलं. थप्प असा उशी आपटल्यासारखा आवाज झाला. देवऱ्यांनी भिंतीवरच्या आरशात डोळा निरखून पाहिला, पापणी खाली ओढून पाहिली, आणि म्हणाले, "नाकावर पण एक होऊन जाऊ द्या." मग मला हव्या तेवढ्या तलवारी त्यांनी स्वतःच सायकलच्या कॅरियरला बांधून शाळेत आणून दिल्या.

तलवारीच्या आत वायरिंगचा प्लॅस्टिकचा पाइप असे. सुरुवातीला ते बांबू घालत, पण बांबू आतल्या आत चिरतो आणि कळत नाही, म्हणून सोडला. पाइप टोकाच्या वीतभर आधीच थांबवायचा. त्याच्या तोंडावर चामड्याची टोपी, टोपीवर चपलेच्या रबराची चकती, आणि त्यापुढे नुसता मऊ फोम. पात्याच्या दोन्ही बाजू ब्लेडने तिरक्या कापून त्यावर रेनकोटचं रुपेरी अस्तर चिकटवायचं. आधी ते चंदेरी रंग लावायचे, पण तलवार वाकली की रंगाला तडे जात. मूठ सुती नाडीने गुंडाळलेली. उन्हात ती तलवार खेळण्यासारखी दिसे. स्टेजच्या दिव्यात मात्र बरी दिसे.

कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी ते तलवारी परत न्यायला हजर. शाळेने ठेवून घ्यायच्या नाहीत, हा नियम. एकेकीचं टोक अंगठ्याने दाबून बघत. पाइपने फोम आतून कुरतडायला सुरुवात केली असेल, तर तिथेच आमच्या स्टाफरूममध्ये बसून करवतीने तिचे दोन तुकडे करत. चांगली दिसणारी तलवार अशी कापलेली पाहून आमच्या शिपाईमामांना हळहळ वाटे. "अजून दोन वर्षं चालली असती की," ते म्हणत. देवरे म्हणत, "चालली असती, आणि एका दिवशी चालली नसती."

टोकांशी त्यांचं काहीतरी वैर होतं. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी टेबलावरच्या भांड्यातल्या सगळ्या पेन्सिली उलट्या करून ठेवल्या, टोकं खाली. कोपऱ्यातल्या छत्रीचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं. पुढच्या वेळी येताना खिशातून रबरी बूच घेऊन आले आणि न विचारता छत्रीला बसवून टाकलं. हे सगळं कशामुळे, ते मला वर्षभराने कळलं.

माझ्या वर्गात मुक्ता मुळे नावाची मुलगी आली. हुशार आणि फार गप्प. पालकसभेला तिच्याकडून देवरे आले. मी चकित झाले. "मी काका हे तिचा," ते म्हणाले आणि प्रगतिपुस्तकावर सही करून गेले. पुढे मुक्ता आजारी पडली तेव्हा मी तिला भेटायला जेल रोडला तिच्या घरी गेले. संध्याकाळची वेळ. ओसरीवर एक उंच, गोरा, देखणा माणूस काळा चष्मा लावून खुर्चीत बसला होता, आणि समोर वेताच्या मोड्यावर बसून देवरे त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. अग्रलेख नाही, ठळक बातम्या नाहीत. लिलावाच्या नोटिसा वाचत होते. तो माणूस म्हणाला, "नीट वाच, वसंता. मेल्यासारखं वाचू नकोस." देवऱ्यांनी घसा साफ केला आणि ती नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मी ओळख करून दिली. तो माणूस म्हणजे मुक्ताचे वडील, अरविंद मुळे. त्यांनी देवऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "आणि हा माझा डोळा."

मी हसले. देवरे बोटावरचं सोल्यूशन सोलत राहिले.

आत गेल्यावर मुक्ताच्या आईने, नलिनीवहिनींनी, हळू आवाजात मला सांगितलं, "बाई, तुमच्या त्या तलवारींचं यांच्यासमोर काही काढू नका हं. भावजी तलवारी करतात हे यांना माहीत नाही." आणि मग स्वयंपाकघरात चहा उकळेपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं.

अरविंद आणि देवरे एकाच वेळी नोकरीला लागले होते, एकाच खात्यात. कॉलनीतल्या हौशी मंडळींची नाटकं होत. रूप आणि आवाज असल्यामुळे अरविंद कायम नायक. बुटके, दणकट देवरे कायम खलनायक, शिवाय नाटकाला लागणारं सगळं सामानही तेच करायचे. एका ऐतिहासिक नाटकात शेवटी दोघांचं द्वंद्व होतं. प्लायवुडच्या तलवारींवर पत्रा ठोकून देवऱ्यांनीच त्या केल्या होत्या. तालमीत एका तलवारीच्या टोकाचा पत्रा उचकटला होता. त्यांनी तो हातोडीने बसवला. प्रयोगात तो पुन्हा उचकटला. कुणी म्हणे अरविंदने मान उशिरा फिरवली, कुणी म्हणे देवऱ्यांनी वार आधी टाकला. अरविंद डोळा धरून गुडघ्यांवर बसला. प्रेक्षकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर म्हणाले, हा डोळा गेला. तो काढून टाकलेला बरा, नाहीतर कधीकधी चांगल्या डोळ्यावरही उतरतं. अरविंदने ऐकलं नाही. काचेचा डोळा बसवून मी स्टेजवर कसा उभा राहू, असं त्याचं म्हणणं. दोन-तीन महिन्यांत दुसरा डोळा लाल झाला, मग धुरकट झाला. औषधं झाली, मुंबईच्या खेपा झाल्या. शेवटी उजेड-अंधार एवढंच कळायचं राहिलं. नोकरी सुटली. नलिनीवहिनी एका बालवाडीत शिकवू लागल्या.

"तेव्हापासून भावजी रोज येतात," त्या म्हणाल्या. "ड्यूटी सुटली की पाचाला सरळ इकडे. पेपर, फिरणं, आठवड्याची दाढी. यांनी त्यांना कधी बोल लावला नाही."

"मग चांगलंच आहे की."

त्या चहा गाळायच्या थांबल्या. "लावला असता तर बरं झालं असतं," म्हणाल्या.

त्यानंतर मी त्या घरी पुष्कळदा गेले. त्या दोघांना फिरायला जाताना पाहिलं. उंच अरविंदचा हात बुटक्या देवऱ्यांच्या खांद्यावर इतका बरोबर बसे, की तो खांदा त्यासाठीच केलेला वाटावा. अरविंद मुळे काही दुष्ट माणूस नव्हता. गप्पिष्ट होता, मुलीवर जीव होता, गाणं चांगलं म्हणायचा. पण देवऱ्यांशी बोलताना त्याच्या आवाजात एक हुकूम असे. पाणी. चप्पल. उशीर का? आज रेल्वेच्या फाटकाशी सायकल अडली होती, असं देवरे सांगत. "रोजच अडते," अरविंद म्हणे. देवरे मोडा ओढून पेपर उघडत.

देवऱ्यांचं सगळं आयुष्य त्या संध्याकाळच्या पाचाला येऊन थांबायचं. शहरातल्या एका नाट्यसंस्थेने त्यांच्या तलवारी नेल्या, तेव्हाची गोष्ट. भर द्वंद्वात नायकाच्या खांद्यावर तलवार पडली आणि केळीच्या पानासारखी वाकली. सभागृह हसू लागलं. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक तणतणत शाळेत आला, कारण देवऱ्यांचं नाव मीच सुचवलं होतं. देवरेही तिथे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हसू द्या हो. सगळी माणसं धड घरी गेली ना?"

"पण आवाजसुद्धा नाही येत त्यांचा! थप थप! गोधड्या वाळत घातल्यासारखं वाटतं."

हे मात्र त्यांना लागलं. आठवडाभराने ते ट्रकच्या कमानपाट्याचे, म्हणजे स्प्रिंगच्या जाड लोखंडी पट्टीचे, दोन तुकडे घेऊन आले. ते सुतळीने टांगायचे आणि स्टेजवर तलवार तलवारीला लागली की विंगेतून हातोडीने ठोकायचं. आमच्या दुपारच्या संमेलनात त्यांनी हे केलं तेव्हा मी पडद्यामागून पाहत होते. विंगेत उभं राहून ते श्वास रोखून मुलांच्या हातांकडे बघत होते आणि प्रत्येक वाराला असा काही खणखणाट करत होते, की पहिल्या रांगेतल्या आया घाबरल्या. मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. दिग्दर्शकालाही ते फार आवडलं. पण त्यांच्या नाटकाचे प्रयोग संध्याकाळी असत. देवरे ठोकायला जाऊ शकत नसत आणि दुसऱ्या कुणाला ते जमेना. आपल्या तलवारी वापरलेला संध्याकाळचा एकही प्रयोग त्यांनी कधी पाहिला नाही.

एकदा त्यांची आई देवळ्याहून आली. घरची कांद्याची शेती होती, धाकटा भाऊ बघायचा. आईने एक मुलगी पाहून ठेवली होती; देवऱ्यांचं वय झालं होतं, मुलीचंही झालं होतं. आई त्यांना न्यायला आली होती. देवरे तिला जेल रोडला घेऊन गेले. म्हातारी ओसरीवर बसली, आपल्या मुलाने दुसऱ्याच्या पायात चप्पल सरकवलेली पाहिली. निघताना माझ्याकडे आले होते दोघं. दारातून बाहेर पडताना ती मुलाला म्हणाली, "आपलं घर तठे शे, आठे नही." तिकडच्या बोलीत, आपलं घर तिथे आहे, इथे नाही. देवऱ्यांनी मान हलवली आणि तिला गाडीत बसवून दिलं. एकटीला.

मग बढतीचं पत्र आलं. चंद्रपूरला जायचं होतं. त्या वेळी मात्र मला वाटलं, हे जाणार. त्यांनी पत्र्याची ट्रंक भरली, फोमची कातरणं एका गादीवाल्याला देऊन टाकली. माझ्याकडे निरोप घ्यायला आले तेव्हा चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत होता. इथून ते जेल रोडला गेले. पुढचं नलिनीवहिनींनी सांगितलं. बातमी ऐकून अरविंद हसला आणि म्हणाला, "जा की. मी काय धरून ठेवलंय तुला?" मग म्हणाला, "उद्यापासून पेपर कोण वाचणार, तेवढं नलिनीला सांगून जा. संध्याकाळी तिला स्वयंपाकातून सवड नसते."

देवऱ्यांनी बढती नाकारली. ट्रंक रिकामी केली. गादीवाल्याकडून कातरणं परत आणली.

मी त्यांना एकदा विचारलं होतं. शाळेच्या पायऱ्यांवर बसून ते एका तलवारीला नवीन टोक शिवत होते. "देवरे, तुम्हाला कंटाळा नाही येत हो?"

"येतो की," ते म्हणाले. वर न बघता. "लय येतो. कधीकधी त्याच्या गल्लीशी आलो ना बाई, की सायकल हळू होते. वाटतं, हँडल वळवूच नाय. सरळ जायचं. सिन्नर, संगमनेर, कुठंबी."

"मग?"

"मग काय. वळतं हँडल."

मुक्ता मोठी झाली. इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला लागली. तिने आई-वडिलांना तिकडे न्यायचं ठरवलं. ही बातमी घरात पक्की झाली, त्याच सुमाराला एका संध्याकाळी पेपर वाचून झाल्यावर अरविंद म्हणाला, "वसंता, मला एक करून दे."

"काय?"

"तुझ्या हाताला इतकी वर्षं चांभाराच्या दुकानाचा वास येतो. मला काय कळत नाही? तलवार करून दे. एक मला, एक तुला."

नलिनीवहिनींच्या हातातलं भांडं पडलं. देवऱ्यांनी पेपरची घडी घातली आणि ते निघून गेले. पण त्यानंतरचे काही आठवडे त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी क्वार्टरवर गेले तर कॉटभर टोकं पसरलेली. करायचे आणि कापून टाकायचे. "याला लागलं तर बाई," एवढंच म्हणायचे.

एका रविवारी सकाळी मी शाळेचं मैदान उघडून दिलं. मैदानावर आम्ही तिघी होतो: नलिनीवहिनी, मुक्ता आणि मी. देवऱ्यांनी अरविंदच्या हातात तलवार दिली. अरविंदने ती टोकापासून मुठीपर्यंत चाचपून पाहिली, अंगठ्याने टोक दाबलं. मग काळा चष्मा काढून मुक्ताकडे दिला.

देवऱ्यांनीही चष्मा काढला आणि हात खाली सोडून उभे राहिले. "मार."

"असं नाही," अरविंद म्हणाला. "उभ्या माणसाला काय मारायचं? तूही घे. शेवटचा प्रवेश. मोजून."

मला वाटलं इतक्या वर्षांनी काय आठवणार. पण देवऱ्यांनी मोजायला सुरुवात केली, "एक, वर. दोन, खाली. तीन, उजवीकडं," आणि त्या आंधळ्या माणसाची तलवार बरोबर त्या त्या जागी येऊ लागली. थप. थप. पाय मागे, पाय पुढे. अरविंदचा चेहरा उजळला होता. त्याने नाटकातलं एक वाक्यही म्हटलं, भरदार आवाजात. मैदानापलीकडच्या घरांमधून लोक गॅलरीत येऊन बघू लागले. ते दोघे गोल फिरत एका ठिकाणी आले आणि देवऱ्यांचं मोजणं थांबलं.

अरविंद तलवार आडवी धरून वाट बघत होता. "पुढे?"

देवरे उभेच.

"वसंता. इथे तुझा वार येतो."

"नाय."

"मला माहीत आहे इथे काय येतं. टाक वार."

"माझ्याच्यानं नाय व्हायचं, अरविंद."

मग अरविंदने मारायला सुरुवात केली. आवाज आला त्या दिशेने तलवार फिरवली. ती देवऱ्यांच्या खांद्यावर बसली. मग मानेवर, कानावर, पाठीवर, डोक्यावर. मोजून नाही. दात ओठ खाऊन, दोन्ही हातांनी. देवरे हलले नाहीत. एकदा अरविंदचा वार हुकला, तेव्हा देवऱ्यांनी नुसतं "इकडं" म्हटलं आणि पुढचा वार बसला. मुक्ता पुढे धावणार होती. नलिनीवहिनींनी तिचं मनगट धरून ठेवलं. लागत काहीच नव्हतं. तरी बघवत नव्हतं.

शेवटी अरविंद दमला आणि मैदानाच्या मातीत खाली बसला. देवरे त्याच्याजवळ बसले.

"डॉक्टर म्हणाले होते, डोळा काढून टाका," अरविंद म्हणाला. "मीच नको म्हटलं. दुसरा माझ्यामुळे गेला."

"माहीत हे मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी दारातच उभा होतो की, डॉक्टर बोलत होते तवा."

अरविंदने मान त्यांच्याकडे वळवली. "पहिल्यापासून माहीत होतं? मग येत का राहिलास?"

देवऱ्यांनी बोटावर काही चिकटलंय का ते पाहिलं. "आधी भीतीनं येत होतो. मग सवय झाली. आता…" ते थांबले. "आता दुसरीकडं कुठं जायचं असतं, ते मला माहीतच नाय."

"उद्यापासून येऊ नकोस," अरविंद म्हणाला. रागाने नव्हे. "मी सांगतोय म्हणून येऊ नकोस."

देवरे बरं म्हणाले. तलवारी बगलेत मारून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता अरविंद नेहमीसारखा ओसरीवर येऊन बसला. फाटक वाजलं. "कोण?" त्याने विचारलं.

"मीच," देवरे म्हणाले.

देवऱ्यांनी मोडा ओढला, पेपर उलगडला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतला. नलिनीवहिनी म्हणाल्या, त्या दिवशी तो "नीट वाच" म्हणाला नाही, एवढाच काय तो फरक.

दोन-तीन महिन्यांनी मुळे कुटुंब पुण्याला गेलं. सामानाच्या टेम्पोत फ्रिज, कपाटं, आरसा, सगळ्याचे कोपरे देवऱ्यांनी फोममध्ये गुंडाळून दिले होते. गाडीत बसताना अरविंदने त्यांचा खांदा चाचपला, तिथे हात थोडा वेळ ठेवला आणि काढून घेतला. गाडी गेल्यावर देवरे रिकाम्या ओसरीवर बसून राहिले. मी घरी चला म्हटलं तर म्हणाले, "पाच वाजू द्या."

मला वाटलं होतं, आता माणूस मोकळा झाला. संध्याकाळची नाटकं बघेल, कमानपाटा घेऊन विंगेत उभा राहील. मी त्यांना दोनदा तिकिटंही आणून दिली. पहिल्या वेळी ते आले, दारात उभे राहिले, पहिला अंक संपायच्या आत निघून गेले. "लय चुळबूळ होते हो," म्हणाले. "वाटतं कुणीतरी थांबलंय." कधीकधी पाचच्या सुमाराला ते शाळेच्या फाटकाशी दिसत. सहज आलो होतो, म्हणायचे. पाणी प्यायचे, जायचे. तलवारी करणं हळूहळू कमी झालं. मुलांनाही आता किल्ल्यावरची लढाई नको होती, गाण्यांवर नाच हवे होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्टँडवर. मी माहेरी चालले होते. सटाण्याच्या गाडीत खिडकीशी देवरे बसलेले दिसले. केस पुष्कळ पांढरे झाले होते. मांडीवर कापडी पिशवी. मी खिडकीखाली जाऊन हाक मारली. त्यांना आनंद झाला.

"देवळ्याला निघालोय, बाई. भाऊ बोलावतोय कधीचा. चार दिवस राहा म्हणतो."

"छान झालं. अरविंदरावांचं काय म्हणणं?"

"फोन येतो मुक्ताचा. तिकडं एक मुलगा ठेवलाय पेपर वाचायला. लय भरभर वाचतो म्हणे."

आम्ही थोडं इकडचं तिकडचं बोललो. कंडक्टर चढला. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं तशी खिडकीची काच खडखडू लागली. देवरे पिशवी सावरत माझ्याकडे वाकले.

"सोमवारी संध्याकाळच्या आत येतो परत," ते म्हणाले.

मी काही विचारलं नव्हतं. "राहा की निवांत," मी म्हटलं. "कसली घाई आहे आता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हां," ते म्हणाले. "घाई तर काय नाय म्हणा."

बेल वाजली. गाडी मागे आली, वळली. वळताना त्यांची खिडकी पुन्हा माझ्यासमोरून गेली. ते बाहेर डोकावून, आवाज चढवून म्हणाले, "सोमवारी, बाई. पाचच्या आत."

मी मान हलवली. कुणीतरी हलवायला हवी होती.